रेषेच्या अलीकडे चार जणी

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत, फेकत समोरच्या गोलमध्ये घालायचा खेळ. महिला लॅक्रॉसचा सामना बघताना डोळा चेंडूमागे धावतो, आणि त्यात नवल नाही. मुठीत मावणारा तो कडक रबरी चेंडू जाळीतून सुटतो तेव्हा दुसरीकडे बघायला फुरसत मिळत नाही. तरीही हा खेळ खरोखर कळायला हवा असेल, तर चेंडू एका गोलपाशी फिरत असताना नजर मुद्दाम मागे न्यावी. गोलरेषेपासून 30 यार्डांवर, म्हणजे साधारण 27 मीटरांवर, मैदानाच्या पूर्ण रुंदीची एक रेषा आखलेली असते. तिला रिस्ट्रेनिंग लाइन म्हणतात. त्या रेषेच्या अलीकडे, आक्रमण करणाऱ्या संघाच्या चार जणी ताटकळत उभ्या असतात आणि त्यांच्या आजूबाजूला समोरच्या संघाच्याही चार. पलीकडे काय चाललंय ते सगळं त्यांना दिसतं. स्टिक लांब करून रेषेपलीकडचा चेंडू ओढता येतो, पण पाऊल रेषेला लागलं की फाऊल.

या खेळातल्या जागा समजून घ्यायला सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे. बारा जणींचा संघ असेल तर आक्रमणात रेषेपलीकडे जास्तीत जास्त सात जणी जाऊ शकतात, आणि बचावात गोलकीपर धरून आठ. म्हणजे गोलपुढे सातास सात आणि वर एक गोलकीपर. कुणी कुठे धावायचं हे त्यानंतर ठरतं, कुणी कुठे थांबायचं हे आधी. नवशिक्या संघांना जागा शिकवताना मैदानाचं चित्र काढून त्यावर बारा ठिपके मांडले जातात. ठिपके पाठ होतात, खेळ सुरू झाला की पुसले जातात. लक्षात राहायला हवी ती प्रत्येक जागेची जबाबदारी, आणि ती जबाबदारी बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या नियमातून आलेली असते.

मुलींचा हा खेळ 1890 मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट लिओनार्ड्स शाळेत सुरू झाला आणि 1926 मध्ये रोझाबेल सिंक्लेअर यांनी तो बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत रुजवला. त्या काळापासूनची जागांची नावं अजूनही जुन्या पुस्तकांत आणि काही प्रशिक्षकांच्या तोंडी सापडतात. आपल्या गोलपासून निघालं तर गोलकीपर, पॉइंट, कव्हरपॉइंट, थर्ड मॅन, दोन डिफेन्स विंग, सेंटर, दोन अटॅक विंग, थर्ड होम, सेकंड होम आणि समोरच्या गोलला सगळ्यात जवळची फर्स्ट होम. क्रिकेटमुळे यातली तीन नावं आपल्या कानाला ओळखीची वाटतील, पण इथे त्यांचं काम अगदी वेगळं आहे. ही नावं जोड्यांची आहेत. पॉइंटने फर्स्ट होमला धरायचं, कव्हरपॉइंटने सेकंड होमला, थर्ड मॅनने थर्ड होमला, विंगने विंगला, सेंटरने सेंटरला. प्रत्येकीची एक सावली ठरलेली.

आता बहुतेक ठिकाणी चार आक्रमक, तीन मधल्या फळीच्या, चार बचावपटू आणि एक गोलकीपर अशी सुटसुटीत विभागणी असते. ती सोपी आहे, पण जुन्या नावांमधली एक बारीक गोष्ट तिच्यात हरवते. चार बचावपटू म्हणजे एकाच साच्यातल्या चौघी नसतात. पॉइंटचं सगळं लक्ष गोलच्या तोंडाशी असतं. तिला शरीर अडवून जागा राखता यायला हवी, फार वेग नसला तरी चालतं. कव्हरपॉइंट सहसा समोरच्या संघाच्या सगळ्यात हुशार खेळाडूसमोर उभी राहते, म्हणून तिचे पाय सगळ्यात चपळ हवेत. थर्ड मॅनचं काम पास तोडण्याचं आणि उठून पुढे पळण्याचं. विंगना दमसास हवा, बाकी त्यांची कामं दोन्हीकडची मिळून होतात. बचावात चौघींची निवड करताना हे चार स्वभाव डोळ्यांसमोर ठेवले तर बराच गोंधळ वाचतो.

सामना सुरू होतो ड्रॉने, म्हणजे मधल्या रेषेवर दोन्ही सेंटरनी चेंडूसाठी केलेल्या झटापटीने, आणि प्रत्येक गोलनंतर पुन्हा ड्रॉच. गोल खाल्लेल्या संघाला चेंडू आपोआप मिळत नाही, ही गोष्ट इतकी मोठी आहे की तिच्यापायी सामने फिरतात. एखादी सेंटर लागोपाठ ड्रॉ जिंकत गेली की समोरच्या संघाच्या उत्तम आक्रमक नुसत्या बघत राहतात. दोन्ही सेंटर मधल्या रेषेला पाऊल टेकवून उभ्या राहतात, स्टिक कमरेच्या वर आडव्या, दोन्ही जाळ्यांच्या पाठी एकमेकींना लागलेल्या. पंच त्या पाठींच्या मध्ये चेंडू बसवतात, आणि मग शिट्टीपर्यंत कुणीही हलायचं नाही. शिट्टी झाली की दोघी वर आणि बाहेर ओढतात. चेंडू दोघींच्या डोक्यांपेक्षा उंच जायलाच हवा.

इथे ताकद खांद्यात असते असं वाटतं आणि बहुतेक मुली खांद्यानेच ओढतात. त्यामुळे चेंडू उंच जातो पण कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. दिशा ठरते ती पहिल्या क्षणाच्या मनगटाने. वरच्या हाताचं मनगट किती आणि कधी वळलं यावर चेंडू स्वतःच्या डोक्यावर येतो, आपल्या विंगकडे जातो किंवा मागे पडतो. जोर येतो वाकलेल्या गुडघ्यांतून. पाय सरळ ठेवून उभी राहिलेली सेंटर शिट्टीला उशिरा उठते आणि उशीर झाला म्हणून पुढच्या वेळी शिट्टीआधी हलते. मग फाऊल, आणि चेंडू समोरच्या संघाला.

ड्रॉच्या वेळी दोन्ही रिस्ट्रेनिंग लाइनींच्या मधल्या पट्ट्यात प्रत्येक संघाच्या तीनच जणी असू शकतात: सेंटर, आणि मधल्या वर्तुळाबाहेर थांबलेल्या दोघी. बाकीच्या आपापल्या रेषेमागे, चेंडू कुणाच्या तरी ताब्यात येईपर्यंत. या दोघी कोण असाव्यात हे निवडताना वेग बघितला जातो. मी आधी बघेन ते पडत्या चेंडूखाली जागा पकडण्याचं कसब. चेंडू हवेत असतानाच समोरचीला पाठीशी घ्यायचं, बूड खाली, पाय रुंद, आणि तिला मागे न ढकलता तिथेच टिकायचं. चेंडू जमिनीवर पडला तर धावता धावताच वाकून दोन्ही हातांनी उचलायचा. थांबून उचलायला गेलं की चार स्टिक त्यावर येतात. आणि तिघींपैकी एकीने कायम आपल्या गोलच्या बाजूला एक पाऊल राखून ठेवायचं. तिघीही चेंडूवर झेपावल्या आणि तो समोरच्या संघाला मिळाला, तर पुढे मोकळं मैदान असतं आणि आपल्या चार बचावपटूंवर पाच जणी चालून येतात.

मेरीलँड विद्यापीठाची टेलर कमिंग्ज 2014, 2015 आणि 2016 अशी लागोपाठ तीन वर्षं अमेरिकी महाविद्यालयीन लॅक्रॉसचा टिवाराटन पुरस्कार जिंकली. ती मधल्या फळीची. ड्रॉ, बचाव, धाव आणि गोल ही चारही कामं एकाच खेळाडूकडे आली की काय होतं हे तिच्या खेळात दिसतं. पण तिच्याकडे पाहून सगळ्याच मधल्या फळीकडून तीच अपेक्षा ठेवणं बरं नव्हे. मैदान साधारण 110 मीटर लांब आहे आणि सामना 15 मिनिटांच्या चार डावांचा. दोन्ही टोकांना पूर्ण वेगाने जाणारी मुलगी तिसऱ्या डावात उशिरा पोहोचू लागते, आणि उशिरा पोहोचलेली बचावपटू हटकून फाऊल करते. बदली खेळाडू खेळ चालू असताना कितीही वेळा आणता येतात, त्याचा वापर करायला हवा. चांगली वेळ म्हणजे आपल्या ताब्यात चेंडू आहे आणि तो शांतपणे रेषेपलीकडे पोहोचला आहे तेव्हा. वाईट वेळ म्हणजे नुकताच चेंडू गमावला तेव्हा. दमलेली मुलगी नेमकी त्याच वेळी बाहेर पळते, कारण थकवा तिथेच जाणवतो.

आता आक्रमण. महिला लॅक्रॉसमध्ये गोलच्या मागेही खेळायला भरपूर जागा असते आणि आक्रमणाचं अर्धं डोकं तिथे असतं. गोलच्या थेट मागच्या जागेला एक्स म्हणतात. तिथे उभी राहून पास देणारी ती फीडर. चेंडू एक्सवर गेला की बचावातल्या प्रत्येकीला एकाच वेळी दोन दिशांना बघावं लागतं: चेंडू पाठीमागे आणि आपली जोडीदार, म्हणजे जिला धरायचं ती आक्रमक, समोर. मान वळते त्या अर्ध्या सेकंदात आत घुसायचं असतं. घुसणाऱ्या मुलीची चूक ठरलेली आहे. ती फार लवकर निघते. फीडरची मान खाली असताना आत आलेली आक्रमक गोलपुढे चेंडूवाचून उभी राहते, तिच्यासोबत तिची बचावपटूही येते, आणि दुसऱ्या कुणाला घुसायचं असेल तर वाट बंद होते. फीडरने मान वर केली की निघायचं, स्टिक बाहेरच्या बाजूला दाखवायची, आणि पास नाही आला तर न थांबता पलीकडे निघून जायचं. गोलपुढची जागा रिकामी ठेवणं हे सातही जणींचं सामायिक काम आहे, आणि ते ज्यांना जमतं त्यांचं आक्रमण बघायला सुंदर दिसतं.

एक्सवरून स्वतः वळसा घालून गोल करायचा असेल तर गोलभोवती आखलेल्या वर्तुळाला चिकटून यावं लागतं. पाऊल वर्तुळाच्या रेषेवर पडलं की गोल गेला. घाई होते ती कोनाची. गोलरेषेच्या पातळीवर आल्या आल्या मारलेला शॉट बाजूच्या जाळीत जातो किंवा गोलकीपरच्या छातीवर. आणखी दोन पावलं पुढे यायला हवं, आणि त्या दोन पावलांत स्टिक डोक्याशी, शरीराच्या आड, उलट्या खांद्यावर राहायला हवी. महिलांच्या स्टिकची जाळी उथळ असते. चेंडू जाळीत असताना त्याचा वरचा भाग कडेच्या वर दिसायलाच हवा असा नियम आहे. म्हणून चेंडू सतत झुलवत ठेवावा लागतो आणि समोरच्या बचावपटूच्या स्टिकच्या एका नेमक्या टोल्याने तो निसटू शकतो.

बचावाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, कारण तिथे नियम सगळ्यात कडक आहेत आणि टाळ्या सगळ्यात कमी. गोलकीपर सोडली तर खेळाडूंच्या अंगावर जाड संरक्षण नसतं, डोळ्यांवर गॉगल आणि दातांवर माउथगार्ड एवढंच. म्हणून धक्का देता येत नाही आणि डोक्याभोवतीच्या 7 इंचांच्या कल्पित गोळ्यात स्टिक नेता येत नाही. मग अडवायचं कशाने? पायांनी आणि कोनाने. नाकासमोर नाक आणून उभी राहिलेली बचावपटू दोन्ही बाजूंनी हरते. कंबर थोडी तिरकी ठेवून, एक पाऊल मागे, समोरचीला एकच वाट मोकळी ठेवायची: तिच्या कमजोर हाताची आणि मैदानाच्या कडेकडे जाणारी. स्टिक उभी आणि हात अंगापुढे. टोला तेव्हाच, जेव्हा चेंडू आपल्या बाजूला उघडा पडतो. प्रत्येक झुल्यावर टोला मारणारी मुलगी आपले पाय थांबवते, आणि पाय थांबले की समोरची निघून गेलेली असते.

गोलपुढे 8 मीटरांचं अर्धवर्तुळ असतं. त्यात बचावपटूला 3 सेकंदांहून अधिक उभं राहायचं असेल तर ती आपल्या जोडीदारापासून एका स्टिकच्या अंतरात हवी. गोल राखायला गोलसमोर ठाण मांडायचं ही सहजबुद्धी इथे चालत नाही. आत यायचं, मोजायचं, बाहेर पडायचं, पुन्हा यायचं, आणि हे करताना आपली जोडीदार आणि चेंडू दोन्ही नजरेत ठेवायचे.

याहून अवघड नियम शूटिंग स्पेसचा. जिच्याकडे चेंडू आहे तिच्यापासून गोलवर्तुळाच्या दोन्ही कडांना दोन सरळ रेघा काढल्या की एक शंकू तयार होतो. ती शॉट मारायच्या तयारीत असताना, तिच्यापासून एका स्टिकच्या अंतरात नसलेली बचावपटू त्या शंकूत सापडली की फाऊल. चेंडू लागून इजा होऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण मदतीला धावणाऱ्या मुलीची यात खरी परीक्षा असते. शेजारणीला चकवून आक्रमक आत आली, की दुसरी बचावपटू आपली जोडीदार सोडून तिच्यावर जाते. याला स्लाइड म्हणतात. मनाची ओढ असते सरळ धावायची, आणि सरळ वाट म्हणजे नेमका तो शंकू. स्लाइडची वाट बाजूने यायला हवी, शंकूच्या बाहेरून, आणि शंकूत पाऊल पडेल तेव्हा आक्रमक स्टिकच्या टप्प्यात असली पाहिजे. त्यासाठी निघायचं लवकर, म्हणजे शेजारीण हरल्यावर नव्हे, ती हरण्याच्या बेतात असताना. म्हणून चांगल्या बचावफळीत सतत आवाज असतो. चेंडूवर कोण आहे ती ओरडून सांगते, पुढची स्लाइड कुणाची तीही सांगते, आणि ती गेली की तिची मोकळी राहिलेली जोडीदार कोण घेणार हेही. तिसरा आवाज आला नाही की पास त्याच मोकळ्या मुलीकडे जातो. गोल झाल्यावर दोष पहिल्या बचावपटूला दिला जातो, पण चूक बहुतेक वेळा तिसऱ्या जागेवर झालेली असते.

या अर्धवर्तुळात मोठं फाऊल झालं की आक्रमकाला त्याच्या कडेवरून फ्री पोझिशन मिळते. वाट मोकळी केली जाते, जवळच्या बचावपटू 4 मीटर लांब, आणि फाऊल करणारी तिच्या मागे. शिट्टीनंतर मारणारीला दोन-तीन पावलं मिळतात. दोन्ही बाजूंच्या बचावपटूंनी ती उभी होती तिथे धावायचं नसतं. ती दोन पावलांनी जिथे असेल तिथे पोहोचायचं असतं.

आता त्या थांबलेल्या चौघींकडे. आक्रमणाच्या वेळी मागे थांबणाऱ्या बहुधा बचावपटू असतात. पण एखादी बचावपटू चेंडू हिसकावून स्वतःच पुढे पळत सुटली आणि तशीच रेषा ओलांडून गेली, तर मधल्या फळीतल्या एकीला तिच्याऐवजी मागे राहावं लागतं. तिने हात वर करून मोठ्याने सांगायचं की मी मागे आहे. हे न सांगितल्यामुळे दोन गोष्टी होतात. एकतर आठवी खेळाडू पलीकडे जाते आणि हातातला चेंडू समोरच्या संघाला मिळतो. नाहीतर दोघी तिघी घाबरून थांबतात आणि आक्रमण पाच जणींचं होतं. थांबलेल्यांनी आपापल्या जोडीदाराच्या गोलकडच्या बाजूला उभं राहावं. खेळ दूर आहे म्हणून शेजारी शेजारी गप्पा मारत उभ्या राहिलेल्या चौघी उलट्या हल्ल्यात पहिल्या दोन पावलांतच मागे पडतात.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत आता बाराऐवजी दहा जणींचा संघ असतो. जबाबदाऱ्या त्याच राहतात, प्रत्येकीच्या वाट्याला मैदान जास्त येतं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मात्र सिक्सेस खेळलं जाणार आहे: गोलकीपर धरून सहा जणी, 70 बाय 36 मीटरचं मैदान, 8 मिनिटांचे चार डाव आणि शॉटसाठी 30 सेकंद. रिस्ट्रेनिंग लाइन तिथे नाही. गोलनंतर ड्रॉही नाही, गोलकीपर लगेच चेंडू खेळात आणते. त्यामुळे फक्त बचाव किंवा फक्त आक्रमण करणारीला तिथे जागा राहत नाही, पाचही जणींना सगळं यावं लागतं. वेगवान आहे, बघायला छान आहे. तरी पॉइंटवर वर्षानुवर्षं पाय रोवून खेळलेल्या मुलींचं कसब त्यात फारसं दिसणार नाही याची मला हळहळ वाटते.

गोलकीपरचं काम सगळ्यात वेगळं. हेल्मेट, गळ्याचं आणि छातीचं संरक्षण, हातमोजे, पायांवर पॅड, आणि बाकीच्यांपेक्षा रुंद डोक्याची, खोल जाळीची स्टिक. गोल 6 फूट बाय 6 फूट. ती गोलरेषेवर उभी राहत नाही. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पुढे फुगलेल्या कमानीवर ती छोट्या छोट्या पावलांनी फिरते, चेंडू सरकेल तशी. रेषेला चिकटून उभ्या राहिलेल्या गोलकीपरच्या दोन्ही बाजूंना जास्त गोल दिसतो. शॉट आल्यावर पाऊल चेंडूच्या दिशेने, तिरकं पुढे टाकायचं, आणि वरचा हात आधी चेंडूकडे न्यायचा. पाऊल नुसतं बाजूला पडलं तर चेंडू अंगाला घासून आत जातो. चेंडू एक्सवर असताना ती मागे वळून उभी राहते, स्टिक उंच, जमल्यास वरून जाणारा पास तोडायला. पास सुटला की वळायचं ते चेंडूवर नजर ठेवूनच. वळताना मान आधी फिरवून घुसणारीला शोधायला गेलं की शॉट कुठून आला ते कळत नाही.

चेंडू अडवला की तिच्याकडे वर्तुळात 10 सेकंद असतात. नवख्या गोलकीपर पहिल्या दोन सेकंदांत जवळच्या बचावपटूला चेंडू देऊन टाकतात आणि तिथेच समोरच्या आक्रमक टपलेल्या असतात. आधी लांब बघायचं: मधल्या फळीतली कुणी मोकळी धावते आहे का. मग दोन्ही कडांना रुंद पसरलेल्या बचावपटूंकडे. काहीच मोकळं नसेल तर वर्तुळामागे चालत जाऊन बाजू बदलायची, म्हणजे चढाई करणाऱ्यांनाही हलावं लागतं. पास द्यायचा तो मुलीच्या बाहेरच्या खांद्यावर, कडेच्या बाजूला. गोलसमोरून आडवा पास कधीच टाकू नये, कारण तो तुटला तर पुढे रिकाम्या गोलशिवाय काही उरत नाही.